स्वतःचं स्वतः करणारे हवेत

महाराष्ट्रातल्या अनेक वृद्धाश्रमांच्या प्रवेश-अर्जात एक अट असते: ज्येष्ठ व्यक्ती स्वतःचं स्वतः करणारी हवी. आंघोळ, जेवण, संडासला जाणं, कशालाच दुसऱ्याचा हात लागता कामा नये. घरच्यांची शोधाशोध मात्र सुरू होते ती नेमका हा हात लागायला लागल्यावर. बाथरूममध्ये पाय घसरतो, खुब्याचं हाड मोडतं, ऑपरेशन होतं. डॉक्टर ‘उद्या डिस्चार्ज’ म्हणतात आणि फोनाफोनी सुरू होते. दोन दिवसांत जागा ठरते. जिला तिथे राहायचं आहे त्या आईने ती पाहिलेलीही नसते, आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट हीच आहे.

हा शोध आई-वडील हिंडते-फिरते असताना, त्यांना सोबत नेऊन घ्यायला हवा.

वृद्धाश्रम या एका नावाखाली फार वेगवेगळ्या जागा येतात. पुण्यात नवी पेठेतलं ‘निवारा’, म्हणजे मूळचं डेव्हिड ससून अनाथ पंगू गृह, ही दीडशे वर्षांहून जुनी धर्मादाय संस्था आहे. त्याच शहरात पाषाण, भूगाव इथे ‘अथश्री’सारखी ज्येष्ठांसाठीच बांधलेली संकुलं आहेत. तिथे फ्लॅट स्वतःचा, दार स्वतःचं आणि शेजारी साठीच्या पुढचे. तिसरा प्रकार शुश्रूषा केंद्रांचा. अंथरुणाला खिळलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला खरी गरज याच जागेची असते. मात्र पहिल्या दोन प्रकारांत राहायला गेलेल्यांना पुढे तिसऱ्याची गरज पडली तर काय, हे कुणी विचारत नाही.

ते विचारावं. परावलंबी झाल्यावर इथेच ठेवाल, की घरी न्यायला सांगाल? रात्री दोन वाजता बेल वाजवली तर कोण येणार, आणि मजल्यावर त्या वेळी किती माणसं असतात? मध्येच सोडलं किंवा मृत्यू झाला तर अनामत रकमेतलं किती परत मिळतं? उत्तरं लेखी घ्यावीत. भेटीला जेवणाच्या वेळी जावं, सजवलेल्या ऑफिसात बसून न राहता संडास-बाथरूम उघडून पाहावं, आणि तिथल्या रहिवाशांशी व्यवस्थापक जवळ नसताना दोन शब्द बोलावेत.

बाथरूम कसं असावं, याचं माप आता हाताशी आहे. महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाने, २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी निकष ठरवून दिले. दाराची मोकळी रुंदी किमान ९०० मिलिमीटर, म्हणजे व्हीलचेअर सहज आत जाईल इतकी. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा. न घसरणाऱ्या फरश्या, कमोडजवळ धरायला दांडा. बाथरूमचं दार बाहेर उघडणारं, कारण आत पडलेला माणूस दारालाच अडला तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही. हे निकष बिल्डरांसाठी असले, तरी चाळीस वर्षांपूर्वीच्या सोसायटीतल्या दोन खोल्यांनाही लावून पाहण्यासारखे आहेत. दांडा बसवून आणि दाराची बिजागरी फिरवून काही जणांचं घर सोडणं लांबणीवर पडू शकतं.

घरीच राहायचं ठरलं, तर पुढचा फोन घरी सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोला जातो. बारा तासांची की चोवीस तासांची बाई हवी, एवढंच ठरवून भागत नाही. अटेंडंट आंघोळ घालते, भरवते, डायपर बदलते. इंजेक्शन किंवा जखमेचं ड्रेसिंग हे प्रशिक्षित नर्सचं काम. ब्युरोने पोलिस पडताळणी केली आहे का आणि बाई सुट्टीवर गेली तर बदली कोण, हे आधी विचारावं. बाईलाही झोपायला जागा आणि दोन वेळचं नीट जेवण लागतं. तिची आबाळ झाली की आईचीही होते.

सरकारी मदत आहे, पण तिच्या मर्यादा ओळखून राहावं. सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, २०२४ पासून आयुष्मान योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचारांचं संरक्षण मिळतं. ते रुग्णालयात दाखल झाल्यावरचं; घरच्या आयाचा पगार त्यात बसत नाही. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये तर शहरात आठवडाभराच्या आयालाही पुरत नाहीत. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी, ‘एल्डरलाइन’, मात्र खरोखर उपयोगी आहे. सकाळी आठ ते रात्री आठ या वेळेत तिथे वृद्धाश्रमांची माहिती मिळते, पेन्शन आणि कायद्याबद्दल मार्गदर्शन मिळतं, छळाची तक्रारही करता येते. हा आकडा मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटवावा.

राहता राहिला घराच्या मालकीचा प्रश्न. अनेक आई-वडील राहतं घर बक्षीसपत्राने मुलाच्या नावे करतात आणि मग त्याच घरात आश्रितासारखे राहतात. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो आणि त्याचा निकाल साधारण ९० दिवसांत अपेक्षित असतो. याच कायद्याच्या कलम २३ नुसार, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता अट मोडल्यास परत घेता येते. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका आईचं बक्षीसपत्र असंच रद्द ठरवलं आणि घराचा ताबा तिला परत द्यायला सांगितलं. तिच्याकडे सांभाळण्याचं वचन कागदावर होतं. म्हणून बक्षीसपत्राचा मसुदा करतानाच सांभाळण्याची अट स्पष्ट शब्दांत घालून घ्यावी, आणि नोंदणीला जाण्याआधी आई-वडिलांनी ती स्वतः वाचावी.