बर्फातून घरी परतणारे

तिघे शिकारी बर्फ तुडवीत गावाकडे परतताहेत. मागे कुत्र्यांचा घोळका, अन् दिवसभराची कमाई म्हणाल तर खांद्यावरच्या काठीला लटकलेला एक बारकासा कोल्हा! पीटर ब्रॉयगेलने १५६५ साली काढलेले हे चित्र व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. शिकाऱ्यांचे चेहरे दिसतच नाहीत. पण खाली घातलेल्या माना सगळे सांगून जातात. शेजारी खाणावळीपुढे जाळ पेटलाय, तिथली माणसे आपल्याच कामात. खाली गोठलेल्या तळ्यावर खेळ रंगलाय, आणि पुलावरून एक बाई सरपणाची मोळी घेऊन चाललीय. (तिला कुठला खेळ!)

मागचे उंच कडे मात्र तिथले नव्हेत. फ्लँडर्स, म्हणजे आजच्या बेल्जियमचा भाग, हा सपाट मुलूख. ब्रॉयगेल तरुणपणी आल्प्स ओलांडून इटलीला जाऊन आला होता. ते डोंगर त्याने गावामागे आणून ठेवले.

सृष्टी अफाट नि वाटसरू इवलेसे, ही तऱ्हा त्याच्याही आधीची. १५२४ मध्ये वारलेल्या योआखिम पाटिनीरचे माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातले चित्र मला अधिक चटका लावते. हेरोद राजाच्या भयाने तान्ह्या येशूला घेऊन इजिप्तला निघालेली मेरी बाळाला पाजायला वाटेत टेकलीय. पुढ्यात टोपली नि काठी, एवढाच संसार. भोवती हिरवी झाडी, निळे डोंगर, सगळे कसे शांत. अन् दूर उजवीकडच्या गावात, नीट निरखले तरच दिसतील अशी मुंगीएवढी माणसे: हेरोदचे शिपाई, तान्ही पोरे मारताहेत.