नियम आणि मर्यादा

इराणमधील इस्फहान शहरात ‘दर्ब-ए-इमाम’ नावाची जुनी दर्गाह आहे. १४५३ साली सजलेल्या तिच्या कमानीवरील नक्षी दुरून पाहिली, तर मोठे दशकोन दिसतात. जवळ गेल्यावर कळते की, त्या मोठ्या आकारांच्या पोटात तशाच आकारांची बारीक नक्षी भरलेली आहे. पीटर लू आणि पॉल स्टाइनहार्ट या अभ्यासकांनी २००७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात या रचनेचे गणित मांडले, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे गेले.

मोठ्यात लहान, लहानात आणखी लहान. हीच कल्पना आज एखादा विद्यार्थी वेबपेजवर थोडी जावास्क्रिप्ट लिहून हलती करू शकतो. नियम एकच. त्रिकोणाच्या प्रत्येक बाजूचे तीन समान भाग करायचे, मधला भाग काढून तेथे बाहेरच्या अंगाला छोटा त्रिकोण उभारायचा आणि प्रत्येक नव्या बाजूला पुन्हा हाच नियम लावायचा. स्वीडनचे गणिती हेल्गे फॉन कॉख यांनी १९०४ मध्ये मांडलेल्या या रेषेतून बर्फाच्या कणासारखी सुंदर आकृती तयार होते.

ब्राउझर सेकंदाला साधारण ६० वेळा चित्र पुसून नव्याने काढतो. दर वेळी छोट्या त्रिकोणाचे टोक किंचित वर सरकवले की, कळी उमलावी तशी आकृती उमलते.

खरी कसोटी थांबण्यात आहे. ३ बाजूंच्या १२ होतात, मग ४८, मग १९२. दहाव्या फेरीत त्या ३१ लाख ४५ हजार ७२८ होतात आणि मोबाइल अडखळू लागतो. कोठे थांबायचे हे सांगितलेच नाही, तर सूचना स्वतःलाच बोलावत राहते आणि शेवटी ब्राउझर चूक दाखवून काम सोडतो. म्हणून जाणकार थांबण्याची अट आधी लिहितात. मूळ बाजू पडद्यावर ३०० बिंदूंची असेल, तर पाचव्या फेरीत एकेक बाजू जेमतेम सव्वा बिंदूची उरते. त्यापुढचे बारकावे डोळ्यांना दिसतच नाहीत.

अशा क्रमवार कृतीला ‘अल्गोरिदम’ म्हणतात. हा शब्द नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणाऱ्या अल-ख्वारिझ्मी या गणितज्ञाच्या नावावरून आला. इस्फहानच्या कारागिरांजवळ संगणक नव्हता. पण मोठी आणि बारीक अशा दोनच पातळ्यांवर त्यांनी हात थांबवला. नक्षी आजही डोळ्यांत भरते.