गंजातच दडले आहे मोल!
जपानी तलवारीचे पाते आणि मूठ यांच्यामध्ये बसविलेल्या धातूच्या चकतीला ‘त्सुबा’ म्हणतात. हात पात्यावर घसरू नये, हे तिचे मूळ काम. एडो काळात (१६०३-१८६८) दीर्घ शांतता नांदली आणि या चकतीला दागिन्याचे रूप आले. लोखंडाबरोबरच ‘शाकुदो’ या तांबे-सोन्याच्या काळसर मिश्रधातूवरही फुले, पक्षी, कथाप्रसंग अवतरले.

१८७६ मध्ये मेइजी सरकारने सैनिक, पोलीस आदींचा अपवाद वगळता तलवार बाळगून फिरण्यास बंदी घातली. कारागिरांचा रोजगार बुडाला आणि असंख्य त्सुबा युरोप-अमेरिकेतील संग्राहकांकडे गेल्या. बोस्टनचे ललित कला संग्रहालय आणि ऑक्सफर्डचे अ‍ॅशमोलियन येथे त्यांचे मोठे संग्रह आहेत.

नवा संग्राहक हमखास एक चूक करतो. जुनी लोखंडी त्सुबा हाती येताच ती घासून लख्ख करण्याचा मोह त्याला होतो. वास्तविक, तिच्यावरील गर्द तपकिरी-काळा थर कारागिराने जाणीवपूर्वक आणलेला आणि काळाने मुरविलेला असतो. तो गेला की कलाकृतीचे मोलही जाते. नव्याने चढलेला लाल गंज तेवढा हाडाच्या वा शिंगाच्या तुकड्याने हलकेच खरवडावा.

खरेदी करताना केवळ सहीवर विसंबू नये. नोबुइएसारख्या नामवंतांची नावे इतरांनीही कोरली आहेत. मधल्या खाचेभोवतीच्या छिन्नीच्या खुणा आणि घट्ट बसण्यासाठी ठोकलेले तांब्याचे तुकडे पाहावेत. त्सुबा खऱ्या तलवारीवर चढली होती, याची साक्ष अनेकदा तेच देतात.