आखाड्याच्या काठावरून

चैत्र लागला की मुळशी तालुक्यात गावोगावच्या जत्रांना सुरुवात होते. रात्री पालखी, छबिना आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कुस्त्यांचे मैदान, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला. हलगी कडाडू लागते, लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या आधी उरकतात आणि ऊन कलल्यावर मोठ्या जोडी लागतात. मग भोवतीच्या हजारो माणसांना कंठ फुटतो. कोणी म्हणते ‘पट काढ’, कोणी म्हणते ‘घिस्सा मार’, कोणी नुसतेच ‘उचल, उचल’. ज्याने जन्मात लंगोट बांधला नाही, तोही त्या दिवशी वस्ताद असतो!

या गदारोळात खाली सापडलेल्या पैलवानाला काय ऐकू येत असेल, असा प्रश्न मला फार दिवस पडत आला आहे. म्हणून हल्ली मैदानात माझी नजर जोडीवर कमी आणि काठावर उकिडव्या बसलेल्या वस्तादांवर जास्त असते. पौड-पिरंगुटच्या बाजूच्या अशाच एका जुन्या वस्तादांना मी एकदा विचारले, ‘‘पोरगा हरायला लागला की तुम्ही त्याला नेमके सांगता तरी काय?’’

त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. म्हणाले, ‘‘डावाचं नाव सांगत न्हाई. डाव त्याला म्हाईत असतोय. दमलेल्या पोराला डाव सांगितला तर त्यो निस्ता गोंधळतो. त्याला सांगायचं, डावा पाय मागं घे. बास. त्यो पाय मागं गेला की पुढचं त्याचं त्याला सुचतं.’’

‘‘आणि नाही सुचलं तर?’’

‘‘मंग त्यो आज हरला. उद्या तालमीत बघू.’’

त्यांच्या या साध्या बोलण्यात फार मोठे शहाणपण आहे, हे मला नंतर जगातल्या नामांकित मुष्टियुद्धांच्या हकिकती वाचताना उमगले. मातीतल्या कुस्तीत वस्तादाचा आवाज सतत चालू असतो. मॅटवरच्या कुस्तीत तीन-तीन मिनिटांचे दोन भाग आणि मध्ये तीस सेकंदांची उसंत असते. मुष्टियुद्धात दोन फेऱ्यांमध्ये एक मिनिट मिळते. योद्धा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसतो. कोणी त्याला पाणी पाजतो, कोणी फुटलेल्या भुवईवर मलम दाबतो, कोणी सुजेवर थंडगार धातूची पट्टी धरतो. श्वास ठिकाणावर येईपर्यंत निम्मे मिनिट निघून जाते. उरलेल्या वेळात प्रशिक्षक बोलतो. वाक्ये फार तर तीन-चार. पण त्यांवर कधी कधी सारी लढत फिरते.

१९८१ च्या सप्टेंबरात लास व्हेगासला शुगर रे लिओनार्ड आणि थॉमस हर्न्स यांची गाठ पडली. लिओनार्डचा डावा डोळा सुजून बंद होत आला होता आणि गुणांत तो मागे पडला होता. बाराव्या फेरीनंतर त्याचे प्रशिक्षक अँजेलो डंडी यांनी त्याला गोंजारले नाही. लढत तुझ्या हातून निसटते आहे, एवढे त्यांनी स्पष्ट सुनावले. तेराव्या फेरीत लिओनार्डने हर्न्सला दोरांपर्यंत रेटले आणि चौदाव्यात लढत संपवली. पिछाडीवर असलेल्या माणसाला आपण किती मागे आहोत हे बहुधा कळत नाही. मारामारीच्या धुंदीत हिशोब सुटलेला असतो. तो ठेवायचा बाहेरच्याने, आणि सांगायचाही त्यानेच.

टेडी अ‍ॅटलस या प्रशिक्षकाने तर एक अजब युक्ती केली. एप्रिल १९९४ मध्ये त्याचा चेला मायकेल मूरर हा इव्हँडर होलिफील्डशी जगज्जेतेपदासाठी लढत होता, पण लढण्यात जीव नव्हता. आठवी फेरी संपवून मूरर कोपऱ्यात येतो, तो स्टुलावर गुरुजी स्वतःच बसलेले! तुझ्या जागी मी लढायला जाऊ का, असा त्यांचा सवाल. मूरर लढत जिंकला आणि ही गोष्ट जगभर झाली. पण तिचा उत्तरार्ध फारसा कोणी सांगत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात मूरर ४५ वर्षांच्या जॉर्ज फोरमनविरुद्ध उतरला. कोपऱ्यात तोच गुरू होता, सूचनाही होत्या. गुणांत पुढे असलेला मूरर दहाव्या फेरीत आडवा झाला. शब्द म्हणजे मंत्र नव्हे, हे यावरून ध्यानात घ्यावे. काठावरचा माणूस वाट दाखवतो, पाय मात्र आतल्याचेच असतात.

काठावर कोणीच नसले तर काय होते, याचे उदाहरण आपल्या घरचेच आहे. १९५२ सालचे हेलसिंकी ऑलिंपिक. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव ५७ किलो गटात लढत होते. त्यांना तिथवर पाठवायला गावाने वर्गणी काढली होती आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. खाशाबांनी पहिल्या लढती झपाट्याने मारल्या. पुढे जपानच्या शोहाची इशीशी कडवी, लांबलेली लढत झाली, ती गेली. अंगातले बळ सरलेले असतानाच त्यांना लगेच रशियाच्या रशीद ममदबेयोवसमोर उभे राहायला सांगण्यात आले. दोन लढतींमध्ये किमान तीस मिनिटांची विश्रांती द्यावी, असा नियम होता. पण तो नियम पुढे करून भांडायला त्या क्षणी तेथे एकही भारतीय पदाधिकारी हजर नव्हता. थकलेले खाशाबा हरले. त्यांना कांस्यपदक मिळाले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ते परतले तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मला ही हकिकत आठवली की नेहमी वाटते, त्या शंभर गाड्यांतला एखादा जाणता माणूस त्या दिवशी हेलसिंकीच्या मॅटच्या कडेला असता तर? पैलवानाला डाव सांगायची गरज नव्हतीच. ‘माझ्या गड्याला अर्धा तास द्या,’ एवढे पंचांना ठणकावून सांगणारे कोणीतरी हवे होते. काठावरून बोलायचे ते नेहमी लढणाऱ्याशीच असते असे नाही, कधी त्याच्या वतीनेही असते.

याच्या उलट टोकाची गोष्ट पुण्यातली आहे. हरिश्चंद्र बिराजदार हे मूळचे लातूर जिल्ह्यातले, १९७७ चे हिंदकेसरी. पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पोरे घडवली. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे त्यांच्याच हाताखाली वाढला. २०११ मध्ये बिराजदार गेले. राहुल मग बिराजदारांचेच शिष्य काका पवार यांच्याकडे शिकू लागला. मधली वर्षे दुखापतींची आणि हुकलेल्या संधींची होती. २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात त्याने कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला १५–७ असे हरवले आणि ते सुवर्णपदक दिवंगत गुरूंना अर्पण केले. जाऊन सात वर्षे झालेला माणूस शिष्याच्या मनातून गेला नव्हता. आणीबाणीच्या क्षणी उपयोगी पडणारे शब्द त्या क्षणी जन्मत नसतात. पहाटे चारच्या जोर-बैठकांत, माती उकरताना, दुधाचा तांब्या पुढे करताना ते वर्षानुवर्षे साठत जातात. म्हणून तर हजारोंच्या गलक्यात पैलवानाला एकच आवाज ओळखू येतो.

मुळशीत ही गोष्ट आखाड्यापुरती राहिलेली नाही. २०१७ च्या डिसेंबरात भूगावला महाराष्ट्र केसरीचा मोठा सोहळा झाला, अभिजित कटके किरण भगतला हरवून केसरी ठरला, तालुक्याची मान उंचावली. पण त्याच तालुक्यात हिंजवडीच्या बाजूने शहर वाढत आले, भाताच्या खाचरांना सोन्याचा भाव आला आणि जमीन विकून हाती आलेला पैसा काही घरांत टिकला नाही. रग आहे, ताकद आहे आणि उद्या काय करायचे ठाऊक नाही, अशा तरुणांची वाताहत २०१८ च्या ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटाने साऱ्या महाराष्ट्रापुढे मांडली. अशा पोराच्या कानाशी कोणीतरी बोलत असतेच. ‘जाऊ दे, ठोक त्याला’ म्हणणारे मित्र असतात, गाडीत बसवून नेणारे भाऊ असतात. त्या वेळी ‘डावा पाय मागं घे’ म्हणणारे कोणी आहे की नाही, यावर पुष्कळ काही ठरते. तालमीतल्या वस्तादाने पोराला पदक मिळवून दिले नाही, नुसता एक पाय मागे घ्यायला शिकवले, तरी त्याचे काम झाले असे मी म्हणेन.

वस्तादांना सगळ्यात जड जाणारा शब्द कोणता, हेही मी त्यांना विचारले होते. ‘‘सोड,’’ ते म्हणाले, ‘‘पोरगं मोडायला आलं की सोड म्हणावं लागतं. गाव शिव्या देतं. बाप तोंड फिरवतो.’’

त्यांना एडी फच हे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. १ ऑक्टोबर १९७५ रोजी मनिलाला महंमद अली आणि जो फ्रेझर चौदा फेऱ्या एकमेकांना कुटत राहिले होते. फ्रेझरला धड दिसत नव्हते, तरी शेवटच्या फेरीसाठी तो उठू पाहत होता. प्रशिक्षक फच यांनी त्याला खाली बसवले आणि लढत थांबवली. जगज्जेतेपद तीन मिनिटांवर असताना त्यांनी माणूस वाचवला.

दहावी-बारावीचे निकाल, नोकरीच्या मुलाखती, मोडलेली लग्ने, बुडालेले धंदे. आपल्या प्रत्येकाच्या घरात कोणी ना कोणी एखाद्या फेरीनंतर धापा टाकत येऊन बसत असते. आपण बहुतेक वेळा गर्दीसारखे एकदम दहा डाव ओरडतो, नाहीतर शेजारच्याचा मुलगा कसा जिंकला ते सांगतो. आधी पाणी द्यावे. श्वास ठिकाणावर येऊ द्यावा. मग खरे असेल ते, आणि त्याला आत्ता जमेल असे एकच काही सांगावे. आणि वेळ तशीच आली, तर गावाच्या शिव्या आपण खाऊन ‘सोड’ म्हणावे.