जागा धरायला उतरू नका!

बालमित्रांनो, भिवंडी म्हणजे यंत्रमागांचं आणि गोदामांचं गाव. मुंबई-आग्रा रस्त्याकडून मालट्रकांची सारखी ये-जा. त्यात बाजाराच्या दिवशी गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे दिव्यच! मग बाबा म्हणतात, “उतर रे, ती जागा धर.” उतरू नका हं! ट्रक किंवा टेम्पो मागे घेताना अगदी मागं उभं असलेलं लहान मूल ड्रायव्हरला दिसतच नाही. शिवाय, जागा आधी येऊन थांबलेल्या गाडीची. थांबायचं तेही कडेला, इंडिकेटर लावून, हॉर्न न वाजवता. इतक्यात रुग्णवाहिका आली तर? जागेचा मोह सोडायचा आणि आधी वाट द्यायची. २०१९च्या कायदा-दुरुस्तीनुसार तिला वाट न देणाऱ्याला १०,००० रुपये दंड होऊ शकतो. आज बाबांना हे वाचून दाखवाल ना?