वर्तनाचा शोध – भाग ८ : हाताला शिकवणारा उन्हाळा

गेल्या भागात आपण सीमोर बेंझर यांच्या प्रयोगशाळेतल्या फळमाश्या पाहिल्या. कुणाचं दिवसरात्रीचं घड्याळ १९ तासांचं, कुणाचं २८ तासांचं, तर कुणाला घड्याळच नाही. एकाच जनुकातल्या बदलांनी हे सगळं होतं, असं १९७१ साली रॉन कोनोप्का आणि बेंझर यांनी दाखवलं. पण बेंझर मुळात भौतिकशास्त्रज्ञ. जर्मेनियमसारख्या अर्धवाहकांवर काम करणारा माणूस माश्यांपर्यंत पोचला कसा?

वाट एका उन्हाळ्यातून जाते. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, कोल्ड स्प्रिंग हार्बर इथे, मॅक्स डेलब्रुक यांनी १९४५ साली एक छोटा कोर्स सुरू केला. विषय होता फाज, म्हणजे जीवाणूंना ग्रासणारे विषाणू. डेलब्रुकही भौतिकशास्त्रातूनच आलेले. अणुबाँबच्या इतिहासात ज्यांचं नाव येतं ते लिओ झिलार्ड १९४७ साली तिथे विद्यार्थी म्हणून बसले आणि १९४८ च्या उन्हाळ्यात बेंझर. द्रावण पातळ करत न्यायचं, बशीतल्या जीवाणूंच्या थरावर पसरायचं, सकाळी उठून विषाणूंनी पाडलेली भोकं मोजायची, असं काम काही आठवडे केलं. बेंझर परत गेले ते जीवशास्त्रज्ञ होऊनच.

असे कोर्स आजही भरतात, आणि मेंदू व वर्तनाच्या अभ्यासात त्यांचं वजन मोठं आहे. लांबी साधारण दोन आठवड्यांपासून आठ आठवड्यांपर्यंत, विद्यार्थी डझनभर, फार तर वीस-पंचवीस. त्यांत पीएच.डी. करणारी मुलं-मुली असतात, पोस्टडॉक असतात, आणि स्वतःची प्रयोगशाळा चालवणारे प्राध्यापकही नवी पद्धत शिकायला त्यांच्याच शेजारी स्टुलावर बसतात. सकाळी व्याख्यान, दुपारी प्रयोग, रात्रीचं जेवण झालं की पुन्हा प्रयोग. शिकवायला येतात ते बहुतेकदा त्याच पद्धतीवर आयुष्य घालवलेले लोक. आठवडा-पंधरवडा तिथेच राहतात, त्याच खानावळीत जेवतात आणि सूक्ष्मदर्शकाशी विद्यार्थ्याच्या खांद्याला खांदा लावून बसतात.

शोधनिबंध घरबसल्या वाचता येतात, त्यांतल्या ‘पद्धती’ या भागात सगळा तपशील दिलेला असतो, मग एवढा खटाटोप कशासाठी? माझ्या मते कारण साधं आहे. वर्तनाच्या प्रयोगात प्रयोग करणाऱ्याचा हात हा प्रयोगाचाच एक भाग असतो, आणि निबंधात तो हात येत नाही.

याचा सगळ्यात बोलका पुरावा १९९९ साली ‘सायन्स’मध्ये आला. जॉन क्रॅब, डग्लस वॉल्स्टेन आणि ब्रूस ड्युडेक या तिघांनी आपापल्या प्रयोगशाळेत, म्हणजे पोर्टलंड, एडमंटन आणि ऑल्बनी इथे, त्याच आठ वंशांच्या उंदरांवर त्याच सहा चाचण्या घेतल्या. उपकरणं सारखी, उंदरांचं वय सारखं, खाणं सारखं, दिव्यांच्या वेळा सारख्या, चाचणीचा दिवससुद्धा सारखा. माणसाला जेवढं सारखं करता येतं तेवढं सगळं केलं. तरी काही चाचण्यांचे निकाल ठिकाणाप्रमाणे बदललेच. उंचावरच्या उघड्या पट्टीवर जायला उंदीर किती धजावतो, ही भीती मोजण्याची चाचणी त्यांतलीच. कुणी चूक केली नव्हती. मग फरक आला कुठून?

पुढच्या काळात काही धागे हाती लागले. २०१० साली जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी दाखवलं की उंदराला शेपटीला धरून उचललं तर तो बावरतो. तोच उंदीर नळीतून किंवा ओंजळीत उचलला तर पुष्कळ शांत राहतो. शेपटीला धरून उचलणं ही तर जगभरच्या प्रयोगशाळांची रोजची सवय! भीती मोजायच्या आधीच आपण भीती घालत होतो. २०१४ साली मॉन्ट्रिअलच्या जेफ्री मोगिल यांच्या गटाने आणखी एक गोष्ट उघड केली. प्रयोग करणारा पुरुष असेल तर उंदरांना ताण येतो आणि त्या ताणापायी त्यांची वेदनेची प्रतिक्रिया कमी होते. पुरुषाने घातलेला टीशर्ट जवळ ठेवला तरी तोच परिणाम. खोलीत कोण होतं, हे त्याआधी कुठल्या निबंधात लिहिलेलं असायचं?

म्हणून चांगल्या कोर्समध्ये पहिला धडा उपकरणाचा नसतो, नुसतं बघण्याचा असतो. प्राणी समोर ठेवायचा आणि तो काय करतो ते लिहीत बसायचं. थबकला, हुंगलं, मिश्या पुसल्या, मागे वळला. मग दोघांनी एकाच चित्रफितीवर स्वतंत्रपणे नोंदी करायच्या आणि त्या जुळतात का ते पाहायचं. पहिल्या दिवशी त्या जुळत नाहीत. एकाला जे ‘गोठणं’ वाटतं ते दुसऱ्याला नुसतं थांबणं वाटतं. श्वासाखेरीज कसलीही हालचाल नाही, ती किमान किती वेळ नाही, हे ठरवून घेतल्यावर आकडे जवळ येऊ लागतात. आणि कुठला प्राणी कुठल्या गटातला, हे नोंद करणाऱ्याला कळू द्यायचं नाही. १९६३ साली रॉबर्ट रोझेन्थाल आणि केर्मिट फोड यांनी विद्यार्थ्यांना साधेच उंदीर ‘हुशार’ आणि ‘मंद’ म्हणून वाटले होते, तर ‘हुशार’ उंदीर चक्रव्यूहात खरोखरच सरस ठरले. अपेक्षा बोटांतून झिरपते. आता २०१८ पासून डीपलॅबकटसारखी सॉफ्टवेअर चित्रफितीतलं नाक, कान, शेपटीचं टोक आपोआप टिपतात आणि ते काम सुंदर करतात. पण त्या ठिपक्यांच्या कोणत्या हालचालीला काय म्हणायचं, हे ठरवायला शिकलेली नजरच लागते.

आता मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर, वुड्स होल इथे जाऊ. १८८८ साली स्थापन झालेल्या तिथल्या मरीन बायॉलॉजिकल लॅबोरेटरीत १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून ‘न्यूरल सिस्टिम्स अँड बिहेविअर’ नावाचा आठ आठवड्यांचा कोर्स चालतो. तिथे प्राणी बदलत राहतात : जळू, खेकडा, विद्युत मासा, माशी, उंदीर. मला यांतली जळू सगळ्यात प्रिय आहे. आपल्याकडे दूषित रक्त काढायला वैद्य जी जळू लावतात तिचीच ही नातेवाईक. तिच्या शरीरभर चेतापेशींच्या गाठींची माळ असते आणि एकेका गाठीत साधारण चारशेच पेशी. ही माळ शरीरातून अलगद काढून बशीत ठेवली आणि एका चेतातंतूला विजेचा हलका धक्का दिला, तर स्नायू नाहीत, पाणी नाही, तरी त्या गाठी पोहण्याच्या लयीत संदेश पाठवू लागतात. पोहणं चेतासंस्थेतच लिहिलेलं आहे, हे वाचून माहीत असणं वेगळं आणि स्पीकरमधून ती लय ऐकणं वेगळं.

तिथवर पोचायला मात्र बरंच सोसावं लागतं. काचेची बारीक नळी तापवून ओढायची, म्हणजे तिचं टोक एका मायक्रॉनहूनही बारीक होतं. तिच्यात क्षाराचं द्रावण भरायचं, बुडबुडा राहू द्यायचा नाही. मग ती रेट्झिअस पेशीत शिरवायची. प्रत्येक गाठीतल्या या दोन पेशी सगळ्यांत मोठ्या, म्हणून नवख्यांच्या वाट्याला त्या येतात. टोक पेशीला टेकलं की पडद्यावरची रेषा किंचित हलते, टेबलावर हलकी टिचकी मारली की टोक आत जातं, आणि रेषा एकदम खाली उतरते. ती टिचकी किती हलकी, हे कुठल्याही पुस्तकात नाही. आणि त्याहीआधी दिवसच्या दिवस जातात ते गुणगुण हटवण्यात. भिंतीतल्या वायरींमधून येणारी विजेची गुणगुण, अमेरिकेत सेकंदाला ६० वेळा, आपल्याकडे ५० वेळा, पेशीचा क्षीण संदेश पार बुडवून टाकते. कुठली वायर दोन ठिकाणी अर्थिंगला जोडली गेली आहे, कुठला दिवा बंद करायचा, उपकरणाभोवतीच्या जाळीच्या पिंजऱ्याचा कोणता कोपरा सुटा आहे, हे अनुभवी माणूस पाच मिनिटांत शोधतो. नवखा एकटा असेल तर त्याचा महिना यात जाऊ शकतो. कोर्सची खरी बचत ती हीच.

कोल्ड स्प्रिंग हार्बरला फळमाशीच्या चेतासंस्थेवरचा कोर्स असतो, साधारण तीन आठवड्यांचा. माशीची स्मरणशक्ती मोजायची एक चाचणी टिम टली आणि विल्यम क्विन यांनी १९८५ साली बसवली, ती आजही पायाभूत मानतात. शंभरेक माश्या एका नळीत घालून एक वास द्यायचा आणि त्याच्याबरोबर विजेचे झटके. मग दुसरा वास, झटक्यांशिवाय. शेवटी माश्यांना दोन्ही वासांच्या मधोमध सोडायचं आणि कोण कुठे गेलं ते मोजायचं. कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात आधी दोन वासांचं प्रमाण असं जमवावं लागतं की न शिकलेल्या माश्या निम्म्या-निम्म्या वाटल्या जातील. अर्ध्या माश्यांना उलट जोडी शिकवायची, म्हणजे मूळची आवडनिवड वजा होते. काम मंद लाल उजेडात करायचं, कारण लाल रंग माशीला जवळजवळ दिसत नाही. आणि कार्बन डायऑक्साइडने बेशुद्ध केलेल्या माश्या त्याच दिवशी वापरायच्या नाहीत.

ठरावीक चेतापेशी हव्या तेव्हा चेतवणाऱ्या नव्या तंत्रांनी या सगळ्याला पंख दिले आहेत. व्हिएन्नामध्ये बॅरी डिक्सन यांच्या प्रयोगशाळेत सलील बिडये आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली अशा मोजक्या पेशी दाखवल्या की त्या चेतवल्या तर माशी उलटी चालू लागते.

या कोर्सेसची एक अडचण मला कायम टोचते. तिथली सूक्ष्मदर्शकं आणि कॅमेरे कंपन्या उन्हाळ्यापुरते उसने देतात. विद्यार्थी सगळं शिकून आपल्या देशी परततो, तर तिथे नळी ओढायचं यंत्रसुद्धा नसतं. यावर मला सर्वांत मोलाचं उत्तर वाटतं ते ट्रेंड इन आफ्रिका या संस्थेचं. लुसिया प्रिएतो-गोदिनो, सादिक युसुफ आणि टॉम बाडेन यांनी ती उभी केली आणि २०११ साली युगांडात फळमाशीच्या चेताजनुकशास्त्राचा पहिला कोर्स घेतला. माशी निवडली कारण ती बाटलीत, मक्याच्या पिठावर जगते. पुढे त्यांनी उपकरणं स्वतः बनवायलाही शिकवलं. बाडेन यांच्या गटाने २०१७ साली थ्रीडी प्रिंटरचे भाग आणि रास्पबेरी पाय हा छोटा संगणक जोडून शंभर युरोंच्या आसपास एक सूक्ष्मदर्शकाचा संच प्रसिद्ध केला. त्यावर माश्यांच्या पेशी प्रकाशाने चेतवता येतात आणि त्यांचं वर्तनही टिपता येतं.

आपल्याकडे ही परंपरा नाही असं नाही. ओबेद सिद्दिकी १९६२ साली मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. पुढे त्यांनी बेंझर यांच्याबरोबर काम केलं आणि उष्णतेने लुळ्या पडणाऱ्या माश्यांवरचा दोघांचा निबंध १९७६ साली आला. कुलाब्याच्या त्याच संस्थेत केनियात वाढलेल्या, गोव्याच्या घरातल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज सिद्दिकींचं काम वाचून डब्लिनहून आल्या. म्हणजे १९४८ च्या त्या उन्हाळ्याचा एक धागा मुंबईपर्यंत पोचलेला आहे. आपल्या विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिपही आहे, त्यात विद्यार्थी दोन महिने एखाद्या मार्गदर्शकाकडे जातो. पण तिथे काय शिकायला मिळेल ते त्या प्रयोगशाळेवर अवलंबून. वीस जणांनी एकत्र, एकाच टेबलाभोवती, चुका करत शिकायचं, हे त्यात येत नाही.

आणि म्हणून मला आपल्या प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलबद्दल कळकळीने बोलायचं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली प्राण्यांची विच्छेदनं थांबवायला सांगितलं आणि ते योग्यच झालं. पण त्या रिकाम्या तासांत अनेक ठिकाणी तक्ते आले. विद्यार्थी तक्त्यावरून आकृती काढतो, जर्नल पूर्ण करतो, सबमिशन होतं. तिथे वर्तनाचे प्रयोग का नसावेत? बेंझर यांचं १९६७ सालचं यंत्र म्हणजे एकमेकांवर सरकणाऱ्या परीक्षानळ्यांच्या दोन रांगा आणि एका टोकाला दिवा. माश्या तळाशी झटकायच्या, पंधरा सेकंद द्यायचे, उजेडाकडे आलेल्या पुढच्या नळीत सरकवायच्या, पुन्हा झटकायच्या. शेवटी कुठल्या नळीत किती ते मोजायचं. माशी मरत नाही, खर्च जवळपास नाही, आणि मोजणी, आलेख, नियंत्रित गट, आंधळी नोंद हे सगळं त्यात येतं. एप्रिल-मे महिन्यांत प्रयोगशाळांना कुलूप असतं. एखाद्या जिल्ह्यातल्या चार महाविद्यालयांनी मिळून दोन आठवडे ते उघडलं, शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी एकत्र बसून हे केलं, तर पहिल्या उन्हाळ्यातच त्यांच्या हाती स्वतःचे आकडे येतील.

पुढच्या आठवड्यात रॉड्रिग्ज यांच्या चवीच्या प्रयोगांकडे वळू. माशीच्या पायाला साखरपाणी लावलं की ती सोंड पुढे करते, आणि काही माश्या ती करत नाहीत. तिथून चवीच्या जनुकांपर्यंत त्या कशा पोचल्या, ते पाहायचं आहे.