एक तास जेलला, बाकी दिवस बीचला!

प्रत्येक ग्रुपमध्ये एक एक्सेलवाला असतो. आमच्यातही आहे. अंदमानला जायचं ठरल्यावर त्याने थेट शीटच मेल केली: नऊ ते दहा सेल्युलर जेल, साडेदहाला रॉस आयलंडची बोट, मग जेवण, तीनला कॉर्बिन्स कोव्ह बीच, पाचला सनसेट. (पाचला सनसेट ही टायपिंगची चूक नव्हती. डिसेंबरात इथे खरंच पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. घड्याळ आपलं, सूर्य मात्र जवळजवळ ब्रह्मदेशाचा!)

२०२४ पासून पोर्ट ब्लेअरचं अधिकृत नाव श्री विजयपुरम झालंय, पण रिक्षावाल्याला दोन्ही चालतात. सकाळी आम्ही सहा जण जेलसमोरच्या बागेत उतरलो. तिथे पुतळे आहेत. सावरकरांचा ओळखला, बाकीच्यांसमोर दणादण फोटो काढले आणि आत पळालो. पुतळ्यांखालची नावं एकानेही वाचली नाहीत. हे मुद्दाम सांगतेय.

जेल १९०६ मध्ये बांधून पूर्ण झालं. मधल्या मनोऱ्यापासून सायकलच्या आऱ्यांसारख्या सात विंग निघायच्या. त्यातल्या तीनच उरल्यात. पाडलेल्या विंगच्या जागेवर आता चक्क सरकारी हॉस्पिटल आहे. प्रत्येक विंगचं तोंड पुढच्या विंगच्या पाठीकडे. म्हणजे गजातून पाहिलं तर समोर नुसती भिंत, माणसाचा चेहरा नाही. कडीसुद्धा भिंतीतल्या खाचेत, इतकी लांब की आतून हात पोचू नये. आमच्या जिमवाल्याने प्रयत्न केला. खांदा खरचटला, कडी काही हाती लागली नाही. मग तो कोलूपाशी गेला. रोज तीस पौंड खोबरेल काढायचं, बैलासारखं फिरून. त्याने मनातल्या मनात हिशेब केला, 'साडेतेरा किलो' म्हणाला आणि नंतर बराच वेळ काही बोललाच नाही.

माझं जेलमधलं काम वेगळं होतं. आजोबांनी माझ्याकडून शाळेत असताना 'माझी जन्मठेप' मोठ्याने वाचून घेतलं होतं. त्यांना इथे यायचं होतं, ते राहून गेलं. त्यामुळे ती तिसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली कोठडी मला त्यांच्यासाठी बघायची होती. दुहेरी दाराची. जुलै १९११ मध्ये सावरकर इथे आले, दोन जन्मठेपी मिळून ५० वर्षांची शिक्षा घेऊन. थोरले भाऊ बाबाराव आधीपासून याच जेलमध्ये होते. मी आत उभी राहिले. खिडकी डोक्याच्या कितीतरी वर, हात उंचावूनही न पोचणारी.

तेवढ्यात दारातून आमचा पुणेकर म्हणाला, "पण माफीचे अर्ज पण इथूनच गेले ना?"

झालं! मी म्हटलं, सुटण्यासाठी केलेली ती युक्ती होती. तो म्हणाला, युक्ती म्हण नाहीतर काही म्हण, अर्ज तर होते. मी म्हटलं, ए, तू ऑफिसात एसी बंद पडला तर तीन मेल टाकतोस! त्यावर तो जे बोलला ते आजोबांपर्यंत गेलं, आणि मी जे बोलले ते छापण्यासारखं नाही. सहा वर्षांची दोस्ती, एका क्यूबिकलची, एका डब्याची. आणि आम्ही त्या कोठडीच्या दारात भांडत होतो. मागे दर्शनाला आलेलं एक कुटुंब, चपला हातात घेऊन, आमचं संपायची वाट बघत उभं.

आमची कोलकात्याची मैत्रीण इतका वेळ गप्प होती. तिने शांतपणे विचारलं, "और कौन था यहाँ?"

आम्ही दोघंही गप्प. खरंच गप्प. सावरकरांवर अर्धा तास भांडणाऱ्या आम्हा दोघांना इथला तिसरा कैदी माहीत नव्हता.

ती आम्हाला मनोऱ्यात घेऊन गेली. तिथे संगमरवरावर कैद्यांची नावं कोरलीत, काळानुसार आणि प्रांतानुसार. बंगालची यादी संपता संपत नाही. इंदुभूषण रॉय, १९१२ मध्ये कोठडीत गळफास घेतला. उल्लासकर दत्त, छळाने वेड लागलं. महावीर सिंह, भगतसिंगांचा साथीदार; १९३३ च्या उपोषणात जबरदस्तीने पाजलेलं दूध फुप्फुसात गेलं आणि तो गेला. तिला हे सगळं पाठ होतं, जसं मला सावरकरांचं. एका नावापाशी तिने बोट टेकवून आईला फोन लावला आणि बंगालीत भराभर काहीतरी सांगायला लागली. आम्ही बाजूला झालो.

रॉसची बोट अर्थातच चुकली. दुपारची मिळाली. २०१८ पासून ते नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप आहे. जेलवाल्या साहेबांची बेकरी, चर्च, नाचघर, सगळं झाडांच्या मुळांनी गिळलंय आणि हरणं फिरतात. बीच राहिलाच. एक्सेलवाल्याने कुरकुर केली, पण फारशी नाही.

परतताना जेलसमोरच्या बागेत पुन्हा थांबलो. अंधार पडत होता, मोबाइलच्या उजेडात एकेक नाव वाचलं. महावीर सिंहही होता तिथे. सकाळी मी त्याच्यासमोर व्हीची खूण करून फोटो काढला होता.

पुणेकर आणि मी एका शहाळ्यात दोन स्ट्रॉ घालून बसलो. बोलणं सुरू झालं नव्हतं.

"ते आजोबांचं पुस्तक आहे अजून?"

"आहे."

"देशील?"

"परत करणार असशील तर. आणि अर्जांवरचं माझं मत बदललेलं नाही."

"माझंही नाही," म्हणाला आणि उरलेलं शहाळं एकट्याने संपवलं.